अर्धं अवसरीत, अर्धं घाटघरला

जुनी लष्करी रिव्हॉल्वरं तपासायला मी कुठंही गेले की यजमान आधी माझ्या पाठीमागं बघतात. साहेब गाडी लावून येत असतील अशी त्यांची समजूत असते. साहेब कुणी नाहीत, जे काही आहे ते मीच, हे गळी उतरवण्यात पहिला चहा संपतो. पिंपरीच्या एका कारखान्यात मी सगळी नोकरी पुर्जे तपासण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर घरातली माणसं तपासायला लागले, तेव्हा घरच्यांनीच हात जोडून हा छंद वाढवायला सांगितलं. आता पुण्यातल्या एका छोट्या संग्रहालयासाठी मी अशा हत्यारांची तब्येत बघते आणि कुठलं ठेवण्याजोगं आहे ते लिहून देते.

तब्येत बघायची म्हणजे काय, असं पुष्कळजण विचारतात. मूळचा काळानिळा रंग किती उरलाय, नळीच्या आतले आटे किती झिजलेत, गोळ्या भरायची चक्री जागेवर घट्ट बसते की खुळखुळते, आणि सगळ्या भागांवर ठोकलेला नंबर एकच आहे की नाही. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. लग्नात गोत्र एक निघालं की बोलणी मोडतात, इथं नंबर एक निघाला नाही की मोडतात.

यंदा भाद्रपद संपता संपता जुन्नर-आंबेगावकडं जाणं झालं. चार दिवसांत एकच रिव्हॉल्वर पाहिलं, तेही हप्त्याहप्त्यानं.

मंगळवार, अवसरी बुद्रुक

संग्रहालयाला पत्र लिहिलं होतं ते आण्णांनी. वय अठ्ठ्याहत्तर, घर उसाच्या कडेला, दारात दोन म्हशी. त्यांचे वडील सुभेदार होते आणि दुसऱ्या महायुद्धातून परतल्यावर रीतसर परवान्यानं हे विलायती रिव्हॉल्वर घरात आलं होतं. वडिलांमागं परवाना आण्णांच्या नावावर झाला. आता आण्णांचे हात कापतात. चहाची बशी उचलली की निम्मा चहा धोतरावर जातो, त्यामुळं डॉक्टर परवान्यासाठी दाखला देईनात. मुलगे शहरात नोकरीला, त्यांना हे लोढणं नको. शुक्रवारी परवान्याची मुदत संपायची होती. तोवर संग्रहालयानं घेतलं तर ठीक, नाहीतर ते मोडीत काढायच्या हत्यारांबरोबर जाणार होतं.

"वडलांचं हत्यार भंगारात जाऊ नये, एवढंच हाय बघा," आण्णा म्हणाले. "माझं काय, आज हाय उद्या न्हाई. पन ते ऱ्हावं."

शेजारचे एक गृहस्थ मुद्दाम विरोध नोंदवायला आले होते. "उसात बिबट्या बसलाय आन् तुमी गावातलं हत्यार घिऊन चालला व्हय, मॅडम?" मी विचारलं, याआधी कधी बिबट्यावर चालवलंय का? "चालवलं न्हाई. पन त्याला म्हाईत तर व्हतं!"

मग आण्णांच्या घरच्या, माई, आतून ताट घेऊन आल्या. ताटावर भरतकामाचा रुमाल, त्यावर हळदकुंकू. रुमाल बाजूला झाला. रिव्हॉल्वर दिवाळीला घासलेल्या तांब्यासारखं लखलखत होतं. इतकी वर्षं टिकलेला मूळ रंग नावालाही उरला नव्हता.

"चिंच आन् राख लावून काल दुपारी घासलं," माई कौतुकानं म्हणाल्या. "पावनं यायचं, मग कळकट कसं दावायचं?"

आमच्या सोसायटीत पाहुणे यायचे म्हटल्यावर आम्ही फार तर चपलांचा ढीग पायानं बाजूला सारतो. या बाईनं तासभर बसून हत्यार घासलं होतं. तिला काय बोलणार? "लई चमकतंय," मी म्हटलं आणि ते खोटं नव्हतं.

हे रिव्हॉल्वर मधोमध मोडून उघडायचं असतं. मी ते उघडलं तर पोटात काहीच नाही. सहा भोकांची चक्री असायची तिथून मला थेट माईंच्या हिरव्या बांगड्या दिसल्या.

"चक्री कुठाय?"

आण्णा उसाकडं बघायला लागले. "ती धाकट्या भावाकडं हाय. बबनकडं. घाटघरला."

"मग मागवून घ्या की. अपुरं हत्यार संग्रहालय घेणार नाही."

"मी न्हाई मागनार. त्याची इच्छा आसंल तर त्यानं आनावी."

"अकरा वर्सं झाली, दोघं बोलत न्हाईत," माई म्हणाल्या आणि मासवडी वाढायला उठल्या.

मासवडी अशी होती की नाव ऐकून बिचकणाऱ्या शाकाहारी माणसानंही ताट चाटावं. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आण्णा मला दुःख झालं असं समजून धीर देत होते.

निघण्याआधी रिव्हॉल्वरचा सांगाडा नीट पाहिला. नंबर स्पष्ट होता आणि सरकारी मालावर असतो तो बाणाचा ठसाही. चक्री अडकवायचा पेच मात्र दर दसऱ्याच्या तेल-हळदीनं थिजून बसला होता. माझ्याकडचा एकही पेचकस त्याच्या बारीक खाचेत जाईना. खाचेवर कागद धरून पेन्सिलीनं ठसा घेतला आणि तसा पेचकस करून घ्यायला जुन्नरची वाट धरली. आण्णांनी मागू नये, पण मी विचारायला काय हरकत आहे, असा सरळ हिशेब मी मनाशी केला होता.

बुधवार, जुन्नर

जुन्नरच्या जुन्या पेठेत कुलपं, अडकित्ते आणि कात्र्या दुरुस्त करणारे अमीनचाचा बसतात. पूर्वी त्यांचे अब्बा शिकाऱ्यांच्या बंदुकाही नीट करत. मी कागद पुढं केला. चाचांनी तो चष्म्याच्या वर धरला, खाली धरला आणि म्हणाले, "सुभेदारसाहेबांचं रिव्हॉल्वर. अवसरी."

पेन्सिलीच्या रेघेवरून माणूस घर ओळखतो म्हणजे काय! माझी सगळी नोकरी मला एकदम फिकी वाटली.

"ओळखनार न्हाई तर काय? वाटणी आमच्या दुकानात झाली," चाचा हसले. "जमिनीचं सगळं सुरळीत झालं, पन रिव्हॉल्वरवरनं दोघं भाऊ हातघाईवर आले. मग सुभेदारसाहेब दोघांना घेऊन हितं आले. अब्बांना म्हनले, खोला. सांगाडा थोरल्याला, चक्री धाकट्याला. अब्बा बोलले, साहेब, भाकरीची वाटणी पाहिली, विहिरीच्या पान्याची पाहिली, ही कसली वाटणी? तर म्हनले, एकट्याला चालवता यायचं न्हाई आन् दसऱ्याच्या पूजेला दोघांना एकत्र यावंच लागंल."

फौजेतल्या माणसानं एका दगडात दोन पक्षी मारले होते. दर दसऱ्याला धाकटा अवसरीला यायचा, चक्री बसवली जायची, शस्त्राची पूजा व्हायची, सोनं लुटायचं, जेवायचं आणि चक्री पुन्हा परतीच्या जीपमध्ये बसायची. कायद्याच्या दृष्टीनं मात्र हा भलताच प्रकार होता. परवाना आण्णांचा आणि हत्याराचा निम्मा जीव विनापरवाना घाटघरला! ती चक्री मी पर्समध्ये घालून आणली असती तर माझीच तब्येत कुणीतरी कोठडीत बघितली असती.

चाचांच्या दुकानातूनच घोडेगावच्या हवालदारबाईंना फोन लावला. जमा होणारी हत्यारं त्यांच्याच ताब्यात असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, तुमी हात लावू नका. ज्याच्या घरात हाय, त्यानं सोता शुक्रवारी घिऊन यावं. परवानेवाल्याच्या समोर, राजीखुशीनं जमा केली असं लिहिते मी. पन साडेपाचच्या आत, राव. सहाला रजिस्टर बंद."

तोवर चाचा एका जुन्या पेचकसाचं टोक सहाणेवर घासत होते. दोनदा घासायचं, कागदावर लावून बघायचं, पुन्हा घासायचं. मी घाई केली तर त्यांनी मला चहा पाजून गप्प बसवलं. "पेचकस सैल आसंल तर पेचाचं तोंड फाटतं. मग बाप आला तरी निघत न्हाई," ते म्हणाले. हे मी कारखान्यात नव्या मुलांना सांगत असे. ऐकून घ्यायची पाळी पहिल्यांदाच आली.

गुरुवार, घाटघर

घाटघरच्या वाटेला सोनकी फुलली होती. दोन्ही बाजूंना पिवळंधमक आणि मधूनच धुकं असं दाट, की जीपवाला खिडकीतून डोकं काढून रस्त्याला हाका मारतोय असं वाटावं. नाणेघाट पाहायला आलेली मंडळी धुक्याचेच फोटो काढत होती. मला चार खिशांचा खाकी शर्ट सोयीचा पडतो, भिंग आणि मापं त्यात मावतात. केस बारीक कापलेले, पायांत काळे बूट. हे सगळं एकत्र कसं दिसतं याचा विचार मी केला नव्हता.

बबनतात्या वनखात्यातून निवृत्त होऊन इथंच राहिले. पर्यटकांसाठी त्यांची आणि सुमनबाईंची छोटी खानावळ आहे. मी दारात उभी राहिले, तसे तात्या हातातला झारा घेऊन बाहेर आले.

"आमच्याकडं काय बी न्हाई."

"चहासुद्धा नाही?"

ते गोंधळले. "चा हाय. दुसरं काय न्हाई."

मी जेवण मागितलं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, तांबूस भात. वाढताना सुमनबाई नवऱ्याकडं आणि नवरा माझ्या बुटांकडं बघत होता. मी पिठल्याची तारीफ केली तर तात्या म्हणाले, "आमी कायद्यानं चालनारी मान्सं." मी लोणचं मागितलं तर म्हणाले, "कवाबी झडती घ्या." एवढ्या धास्तावलेल्या यजमानाकडं मी याआधी कधी जेवले नव्हते.

हात धुवायला उठले आणि कोपऱ्यातल्या देवघराकडं नजर गेली. खंडोबाच्या टाकापुढं अगरबत्त्यांचं घर होतं. सहा भोकं, सहा अगरबत्त्या, मस्त मोगऱ्याचा धूर. जिच्यापायी मी दोन तालुके पालथे घातले ती चक्री उघड्यावर बसून देवाची सेवा करत होती.

मी देवाला हात जोडले. हात जोडून वाकले, आणखी वाकले, आणि पापण्यांच्या फटीतून नंबर वाचायला लागले. काजळी आणि राख होती, पण आकडे दिसत होते. एकेक आकडा अवसरीच्या सांगाड्याशी जुळत गेला. इतका वेळ नमस्कार मी आयुष्यात केला नसेल. काजळीखाली मूळचा काळानिळा रंगही शाबूत दिसला आणि माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"काय मागितलंत येवढं?" सुमनबाईंनी न राहवून विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. मी पोलीस नाही म्हटल्यावर तात्यांच्या जिवात जीव आला. आण्णांचं नाव काढल्यावर मात्र झारा पुन्हा हातात आला.

"आण्णानं धाडलं का तुमाला?"

"नाही. ते म्हणाले, मी मागणार नाही."

"बघा! आसाच हाय त्यो." तात्या बाकावर बसले. "त्या साली दसऱ्याला दरड आली व्हती. जीप न्हाई, काय न्हाई. चक्री फडक्यात बांधली आन् पायी निघालो. पुढं एका टेंपोत, मग कुणाच्या दुधाच्या गाडीत. अवसरीत पोचलो तवा दिवस कलला व्हता. उंबऱ्यातनं बघतो तर पूजा उरकलेली. म्हूर्त टळत व्हता म्हनं. आन् चक्रीच्या जागी काय ठिवलं व्हतं, सांगा?"

मी मान हलवली.

"लिंबू! माज्या जागी लिंबू, ताई! तसाच मागं फिरलो."

मला हसू आवरेना आणि त्यांचा चेहरा पाहून हसवेही ना. अकरा वर्षं त्या लिंबाचा आंबटपणा त्यांच्या तोंडातून गेला नव्हता. जे खरं होतं ते सांगितलं. आण्णांचे हात कापतात. बशीतला चहा निम्मा सांडतो. शुक्रवारी मुदत संपते.

तात्यांनी झारा बाजूला ठेवून विचारलं, "कवापासनं कापत्यात हात?"

"वर्ष-दीड वर्ष झालं म्हणे."

"मला कुनी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. सुमनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. उद्या साडेपाचच्या आत घोडेगाव, असं मी दोनदा बजावलं. तात्या फक्त "बघू" म्हणाले. इकडं 'बघू' म्हणजे हो की नाही, हे मला परतीच्या अख्ख्या रस्त्यात उलगडलं नाही.

शुक्रवार, घोडेगाव

आण्णा आणि माई दुपारीच पोलीस ठाण्यात येऊन बसले होते. पिशवीत सांगाडा, परवाना, आणि हवालदारबाईंसाठी शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा. चाचांचा पेचकस खाचेत असा बसला की मी मनातल्या मनात त्यांना सलाम केला. एका दमात पेच सुटला. नळीत उजेड पाडून पाहिलं, आटे बऱ्यापैकी होते. तपासणीच्या तक्त्यातले सगळे रकाने भरले. चक्रीचा रकाना तेवढा कोरा राहिला.

चार वाजता जुन्नरकडची गाडी आली. तात्या त्यात नव्हते. पाचला आणखी एक आली, त्यातून दोन शिक्षक आणि एक शेळी उतरली. आम्ही शेंगा फोडत बसलो. साडेपाच झाले. मला माझाच राग यायला लागला. तिथं लिंबावर हसू आलं ते तात्यांना दिसलं असेल का? की मुळात बुटांनीच काम बिघडवलं?

पावणेसहाला हवालदारबाईंनी रजिस्टर ओढलं. आवाज मऊ होता त्यांचा. "आण्णा, अपुरं म्हनून लिहू का? माझा बी नाइलाज हाय."

माई नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "लिवा. येळ टळतीया."

हे त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या ते खोलीत सगळ्यांनाच कळलं. आण्णांनी थरथरता हात रजिस्टरवर ठेवला.

"टळू द्या," ते म्हणाले. "त्यो येतोय. थांबा."

हवालदारबाईंनी पेनाला टोपण घातलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाठ केली आणि शेंगांची पिशवी पुढ्यात घेतली. सरकारी माणसाचा इतका मोठेपणा मी क्वचित पाहिला आहे.

सहा वाजून वीस मिनिटांनी तात्या आणि सुमनबाई आत आले. वाटेत टायर पंक्चर झालं होतं. दोघांच्याही अंगावर चिखल होता. तात्यांनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि भावाकडं न बघता झाकण उघडलं.

चक्री लखलखत होती. काजळी गेली होती, राख गेली होती, आणि ज्याला पाहून माझे डोळे भरून आले होते तो काळानिळा रंगही गेला होता.

"चिंच?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"आन् राख," सुमनबाई म्हणाल्या. "सरकारदरबारी न्यायचं, मग कळकट कसं न्यायचं?"

माई एकदम म्हणाल्या, "मी बी त्येच म्हनलं!" अकरा वर्षं एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या जावांनी अगदी ठरवल्यासारखी एकच चूक केली होती. आणि मीही शहाणी, घासू नका एवढं सांगायला दोन्हीकडं विसरले. तक्त्यात मी लिहिलं: मूळ रंग नाही, मात्र दोन्ही भाग एकसारखे.

आण्णांनी चक्री उचलली, पण ती दांड्यावर बसेना. हात कापत होता आणि धातूवर धातू टकटक वाजत होता. तात्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग त्यांनी भावाचं मनगट धरलं. चक्री जागेवर गेली. मी पेच आवळला, रिव्हॉल्वर मिटलं आणि अंगठ्यानं चक्री फिरवली. सहाही वेळा ती आपल्या जागी खट्‌कन थांबली, तसूभरही खुळखुळ नाही. इतकी घट्ट बसणारी जुनी चक्री माझ्या हाताखालून फार थोड्या वेळा गेली आहे. मी संग्रहालयाला फोन करून कळवलं, सगळे भाग मूळचे, नंबर एक, घ्यावं. पलीकडून होकार आला.

हवालदारबाईंनी दोन्ही भावांच्या सह्या घेतल्या, रिव्हॉल्वर कापडात बांधून लाख लावली आणि आतल्या कपाटात ठेवलं. संग्रहालयाचा माणूस सोमवारी कागद घेऊन न्यायला येणार होता. रिकामी पिशवी आणि रिकामा डबा टेबलावर उरला. वडिलांनी घालून दिलेलं भेटीचं कारण कपाटात बंद झालं होतं आणि ते दोघांच्याही आत्ता लक्षात आलं असावं.

"मग आता दसऱ्याला काय पुजायचं?" तात्यांनी भिंतीकडं बघत विचारलं.

"कोयता हाय की. खुरपं हाय. कायबी पुजू."

"आन् घाटात दरड आली तर?"

"तू आल्यावर पुजू."

"गाडीच चुकली तर?"

"तर दुसऱ्या दिवशी पुजू," आण्णा म्हणाले.